खिडकीवरचं इरकल

उर्सुलाताई, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरचं इरकल मी काल काढून आणलं. तुमच्या मुलाला विचारून आणलं. मार्टिन स्वतःच स्टुलावर चढला, दांडीवरनं ते उतरवलं आणि माझ्या हातात दिलं. आता ते माझ्या मुलाच्या, महेशच्या जेवणाच्या टेबलावर पसरलंय आणि कडेला कागद ठेवून मी लिहितोय.

मी चौथी शिकलेला माणूस. अक्षर ट्रकच्या चाकाखालनं निघाल्यासारखं. सून अश्विनी म्हणाली, "आबा, तुम्ही बोला, मी टाइप करते." मी म्हटलं, नको. भांडण आपल्या दोघांचं आहे. एवढी वर्षं तुमचं जर्मन आणि माझं मराठी पोचवायला अश्विनी नाहीतर महेश मधे उभे असायचे, आणि माझं तिखट बोलणं महेश हळूच गोड करून पुढं सरकवायचा, ते मला कळत होतं. आज मधे कोणी नाही. गेलेल्या माणसाला सगळ्या भाषा येत असणार असं मी धरून चालतो.

शुक्रवारी तुम्हाला पोचवायचं आहे. तुमच्याकडे माणूस गेल्यावर आठ-आठ दिवस थांबतात. आमच्या कराडला सकाळी गेलेला माणूस दुपारी कोयनाकाठी. मला हे थांबणं पटलं नव्हतं. पण या वेळी बरं झालं. माझं एक काम राहिलं होतं, त्याला वेळ मिळाला.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या दारात आलात तो दिवस मला आवडला नव्हता. खोटं कशाला सांगू. माझी नात रेवा सव्वा महिन्याची होती. तिची आजी, आमची मंदा, आधीच गेलेली. अश्विनीची आई बाळंतपणाला येणार म्हणून डिंकाचे लाडू बांधून तयार होती, तर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. म्हणून बाळंतिणीच्या घरी आला कोण, तर मी. गॅरेजात ट्रकच्या बॉड्या ठोकण्यात जन्म गेलेला म्हातारा. बाळंतिणीला शेक किती द्यायचा ते मला काय ठाऊक?

महेशनं पहिला महिना रजा घेतली होती. एल्टर्नत्साइट म्हणतात इथं, आईबापाची रजा, बापालासुद्धा मिळते. तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. इंजिनियर झालेला माझा मुलगा घरात बसून लंगोट बदलतोय आणि सरकार त्याला वर पैसे देतंय. मी त्याला म्हटलं, "तुझ्या जन्माच्या दिवशी मी चेसीखाली झोपलो होतो." तो म्हणाला, "ठाऊक आहे आबा. आई सांगायची." एवढंच म्हणाला. पुढं काही बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

रजा संपली, तो संशोधनाच्या कामावर परत गेला, आणि अश्विनी बोलायची बंद झाली. रडायची नाही, चिडायची नाही. पोर मांडीवर घेऊन भिंतीकडं बघत बसायची. मी चहा करून ठेवायचो, तो गार व्हायचा. हेबामे, म्हणजे इथली सुईण, घरी येऊन पोराला आणि आईला बघून जायची. तिच्या ध्यानात आलं. तिनं महेशला सांगितलं, गावात एका संस्थेची मंडळी आहेत, नव्या आईबापाच्या घरी आठवड्यातनं दोनदा एक बाई पाठवतात, पोर सांभाळायला, फुकट, मी कळवते.

फुकट म्हटलं आणि मी ताठ झालो. आमच्या घरात फुकटचं कोणी खाल्लं नाही. शिवाय घरात आजोबा असताना परकी बाई पोर सांभाळणार, लोक काय म्हणतील? महेश म्हणाला, "इथं लोक काही म्हणत नाहीत आबा." मी म्हटलं, मग हे गाव कसलं?

आणि तुम्ही आलात. पांढरे आखूड केस, पुरुषासारखे बूट, पाठीला पिशवी. दारातच बूट काढलेत, हे मला बरं वाटलं, पण तोंडावर दाखवलं नाही. अश्विनीशी दोन वाक्यं बोललात, रेवाला उचललंत आणि अश्विनीला आतल्या खोलीकडं बोट दाखवलंत. ती गेली आणि झोपली. मला वाटलं होतं तुम्ही औषध सांगाल, उपदेश कराल. तुम्ही तिला फक्त झोपू दिलंत. ते मला सुचलं नव्हतं.

मग तुम्ही पोराला बाबागाडीत घातलंत आणि दांडा माझ्या हातात दिलात.

ताई, मी आयुष्यात रस्त्यावर पोर फिरवलं नव्हतं. महेशला नाही, माझ्या लेकीला, संगीताला नाही. आमच्याकडं बाप्या माणूस पोराला घेऊन गल्लीत फिरला की टपरीवरचे हसायचे. तुम्ही माझ्याकडं बघत उभ्या राहिलात, कोट घालून. मी दांडा सोडला असता तर गाडी उतारानं गेली असती. म्हणून धरला. त्या दिवशी आपण बागेपर्यंत गेलो, पुढं दर खेपेला जंगलाच्या कडेनं जायला लागलो. तुम्ही जर्मनमधे बोलायचात, मी मराठीत. तुम्ही झाडाकडं बोट करून काहीतरी सांगायचात, मी म्हणायचो, आमच्याकडं याचं फळीकाम होईल. आपलं चांगलं चाललं होतं. भांडण घरी आल्यावर, दुभाषी भेटला की सुरू व्हायचं.

पहिलं भांडण पोलक्याच्या कापडावरनं. मी कराडहून येताना अश्विनीच्या आईनं दिलेला खण आणला होता, तो तुमच्यापुढं ठेवला. घरात आलेली बाईमाणूस रिकाम्या हातानं पाठवायची नसते. तुम्ही हात मागं घेतलात. महेशकरवी सांगितलंत की मंडळींचा नियम आहे, घरातून काही घ्यायचं नाही, कॉफी आणि केक चालतो. मी म्हटलं, नियम तुमच्या मंडळींचा, घर माझं. तुम्ही म्हणालात, घर महेशचं आहे. महेशनं हे वाक्य मात्र गोड न करता जसंच्या तसं दिलं, गाढव.

मी आत जाऊन बसलो. आपण नुसतं घ्यायचं आणि द्यायचं काही नाही, ही मला शिवी वाटते, अजून वाटते.

मग बारसं आलं. पोरीचं नाव जन्मल्या जन्मल्या सरकारी कागदावर चढलं होतं, इथं थांबू देत नाहीत. नाव कागदावर आधी आणि कानात नंतर, असलं बारसं मी पहिलं पाहिलं. गावातल्या तीन मराठी मुली आल्या, नवऱ्यांबरोबर. पाळणा म्हणून भाजीची वेताची टोपली. सगळं झालं आणि कोणीतरी विचारलं, आत्या कोण? माझी संगीता कराडला. तिला व्हिसा मिळाला नव्हता. फोनवर दाखवू म्हणाले. मी म्हटलं, फोन कानात कुर्र करणार का? तुम्ही कोपऱ्यात केक कापत होता. मी तुमच्याकडं बोट केलं.

अश्विनीची आई तिकडं सांगलीहून व्हिडिओवर बघत होती. तिनं हळू आवाजात विचारलं, "अहो व्याही, त्या बाईंचे मिस्टर आहेत ना?"

मी म्हटलं, "आहेत. फोटोत."

मंदा गेल्यावर मला कोणी पाटावरनं उठवलं नाही, मग तुम्हाला का उठवायचं? हा विचार मला त्या क्षणी आला, आधी कधी आला नव्हता.

महेशनं तुम्हाला समजावलं, वाकायचं, कानात कुर्र करायचं, नाव सांगायचं. पुढचं सांगायचं तो विसरला. तुम्ही वाकलात, "कुर्र्र, रेवा" म्हणालात, आणि तिन्ही पोरींनी तुमच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. तुम्ही सरळ झालात. चष्मा नाकावर आलेला. एका एका पोरीकडं पाहिलंत. महेश घाईघाईनं सांगायला लागला की ही रीत आहे, आत्याला मारतातच. तुम्ही ऐकून घेतलंत, आणि विचारलंत, एवढ्याच जोरात मारतात का? मग पुन्हा वाकलात आणि म्हणालात, नीट मारा.

त्या दिवशी अश्विनी हसली. मंडळींच्या वहीत तुम्ही काय लिहिलं असेल कुणास ठाऊक, पण माझ्या सुनेचं आजारपण त्या बुक्क्यांनी उलटलं असं मी मानतो. महेश म्हणतो, तसं नसतं आबा, डॉक्टरीण होती, झोप होती, तुम्ही होता. असेल.

मग मी तुमच्यासमोर उभा राहिलो आणि महेशला म्हटलं, आता शब्द न शब्द सांग. आत्या म्हणजे माझ्या घरची लेक. या माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, म्हणून मी ताई म्हणणार, पण मान लेकीचा. आणि लेकीला जे देतात ती भेट नसते. तो तिचा हक्क असतो. विचार त्यांना, मंडळींच्या नियमात लेकीचं काही लिहिलंय का.

तुम्ही चष्मा सरळ केलात. मग म्हणालात, नाही, लेकीचं लिहिलेलं नाही.

खण घेतलात. माझ्यासारखाच तुमचाही स्वभाव, हरल्यावर तोंडावर दाखवायचं नाही. पुढच्या वेळी येताना रेवाला टोपडं विणून आणलंत. आत्यानं आणायचंच असतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं, मला आजवर कळलं नाही.

ताई, आपलं मोठं भांडण निराळंच होतं, आणि ते अर्धं राहिलं. मी म्हणायचो, तुमचं सरकार पोरामागं महिन्याला पैसे देतं, बापाला रजा देतं, सुईण घरी पाठवतं, वर तुमच्यासारखी बाई. मग घरच्यांनी करायचं काय? माणसं माणसाला विसरणार. आमच्याकडं असलं काही नाही, कारण लागत नाही. बाळंतीण म्हटलं की आळी न बोलावता येते.

तुम्ही ऐकलंत. मग तुम्ही तुमचं सांगितलंत. मार्टिन लहान असताना नवरा कारखान्यात, पोर कुठं ठेवायची सोय नाही, कामाला गेलं तर बायका तोंडावर म्हणायच्या की ही कावळीण आई, पिल्लू टाकून जाते. आणि घरात राहिलं तर चार भिंती. तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे कोणी आलं नव्हतं. म्हणून मी जाते." आणि मग माझ्याकडं वळून, अगदी साध्या आवाजात: "तुमची आळी न बोलावता येते ना? मग अश्विनीकडे कोण आलं होतं?"

मी म्हटलं, येणारे होते, समुद्रापलीकडं होते. तुम्ही म्हणालात, या, या, गेनाऊ. हो हो, अगदी बरोबर, असं त्याचं मराठी महेशनं केलं, पण तुमच्या भुवया निराळंच बोलत होत्या.

तीन महिन्यांनी माझा व्हिसा संपला, मी गेलो. मंडळींचं काम तर पहिल्या वर्षापुरतंच असतं. मुदत भरल्यावर तुम्ही निरोप घ्यायला आलात, तेव्हा मी कराडला, फोनच्या पडद्यावर. तुमच्याबरोबर मंडळींची एक तरुण बाई होती, समारोपाचा कागद घेऊन. अश्विनीचा चेहरा पुन्हा तसाच, भिंतीकडं बघतानाचा. मी पडद्यातनं विचारलं, आत्याची मुदत संपते का? तरुण बाईनं सांगितलं, संस्थेची संपते. तुम्ही त्या कागदावर सही केलीत, पेन तिला परत दिलंत आणि रेवाला उचलून बाबागाडीत घातलंत.

त्यानंतर तुम्ही गेला नाहीत. दर वर्षी मी तीन महिन्यांसाठी यायचो, बाकीचे महिने तुमचे. रेवा तुम्हाला आत्याओमा म्हणायला लागली. मी मराठीत विचारतो, ती जर्मनमधे उत्तर देते, आणि त्या उत्तरात दर दोन वाक्यांनी आत्याओमा असते. मला जळायला व्हायचं. ती कीटात, म्हणजे इथल्या पाळणाघरात जायला लागली तेव्हा पहिल्या दिवशी कोणी सोडायचं यावरनं आपण भांडलो. शेवटी दोघंही गेलो आणि तिनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या वर्षी मी तुमच्यासाठी लेकीचं लुगडं आणलं, हेच इरकल. कराडच्या पेठेत दोन तास बसून पारखून घेतलं. हिरवं अंग सुती, तांबडा पदर अस्सल रेशमाचा. तुम्ही ते गालाला लावून पाहिलंत. आणि पंधरा दिवसांनी कॉफीला बोलावलंत, तर ते तुमच्या स्वयंपाकघरात खिडकीवर! वरनं पट्टी शिवलेली, कड्या अडकवलेल्या. लेकीचं लुगडं, पडदा!

मी कॉफी घेतली नाही. महेशला म्हटलं, सांग त्यांना, लुगडं अंगावर असतं. तुम्ही म्हणालात, मला ते नेसता येत नाही आणि मी एकटी, मला कोण नेसवणार? कपाटात ठेवलं तर कोण बघणार? इथं सकाळी ऊन त्यातनं येतं, मी कॉफी पिताना रोज बघते. मी म्हटलं, उन्हानं विटेल. तुम्ही म्हणालात, मीही विटतेच आहे.

हे भांडण तीन वर्षं चाललं. मी आलो की खिडकीकडं बघायचो आणि मान हलवायचो. तुम्ही माझा कप भरायचात.

आणखी एक सांगतो. तुम्ही सारखं दान्के म्हणायचात. मीठ दिलं दान्के, दार उघडलं दान्के. एकदा अश्विनीला विचारलंत की आबा कधीच का म्हणत नाहीत, काही चुकलं का. अश्विनीनं मला विचारलं. मी म्हटलं, आभार परक्याचे मानतात. घरच्या माणसाचे मानले तर तो म्हणेल, मला परकं केलं. तिनं तुम्हाला तसं सांगितलं. त्या दिवसापासून तुम्ही मला दान्के म्हटलं नाहीत. अश्विनीला म्हणायचात, पाववाल्याला म्हणायचात. मी मीठ पुढं केलं की नुसतं घ्यायचात. माझ्या ध्यानात आलं होतं ताई, लगेच.

आता जे सांगायचं राहिलं ते. मुद्दाम राहू दिलं होतं, कारण सांगितलं असतं तर मोठ्या भांडणात तुमची सरशी झाली असती.

मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या घरी सून बाळंत झाली. सासू दवाखान्यात आया म्हणून कामाला जाते, माहेर लांब. नवरा दुसऱ्या गावी कामाला. आळी आली बारशाला, जेवली आणि गेली. मग दुपारी भिंतीपलीकडनं पोराचं रडणं, आणि त्या मुलीचा आवाज नाहीच. मी दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी दार वाजवलं. म्हटलं, दे ते पोर, तू झोप. तिनं पोर माझ्या हातात दिलं. पोर खांद्यावर टाकून मी गल्लीत फिरलो, पार टपरीपर्यंत. टपरीवरचे हसले. एक म्हणाला, "आबा, जर्मनीला जाऊन दाई झालात का?" मी म्हटलं, हो, तिथं सरकारी माणसं येतात घरी, इथं मी आलोय, तुला पोर झालं की तुझ्याकडंही येईन. पुढं गल्लीतल्या दोघी पाळीपाळीनं यायला लागल्या. पण आधी कोणीतरी दार वाजवायला लागलं.

म्हणजे न बोलावता येणारी आळी आहे, पण तिलाही कोणीतरी पाठवावं लागतं. तुमचं अर्धं खरं. माझंही अर्धं खरं, कारण मंडळींची मुदत संपली तरी तुम्ही राहिलात, ते काही सरकारनं सांगितलं नव्हतं. याच्या पलीकडं मी सरकणार नाही.

शेवटी तुम्ही दवाखान्यात होता, तेव्हा अश्विनी यायची. दारातल्या नर्सनं विचारलं, आपण नातेवाईक का? अश्विनी म्हणाली, मी यांची भावजय. नर्सनं एकदा हिच्या काळ्या केसांकडं, एकदा तुमच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं आणि आत सोडलं. मला घेऊन आली त्या दिवशी तुम्ही झोपेत होता. मी बाजूला बसलो. चमच्यानं ओठाला पाणी लावलं. तुम्ही डोळे उघडलेत, घोट घेतलात, आणि दान्के म्हटलं नाहीत.

मार्टिन उत्तरेकडनं आला, महेशला भेटला, म्हणाला, आईच्या घरातलं आठवण म्हणून काही घ्या. मी म्हटलं, पडदा. मग मी त्याला महेशकरवी आमची रीत सांगितली. बाई गेली की शेवटचं लुगडं माहेरचं. ते आल्याशिवाय आमच्याकडं बाई हलवत नाहीत. तुझ्या आईचं माहेर कराडला आहे, मी त्या माहेरचा माणूस आहे. त्यानं माझ्याकडं पाहिलं, डोळे अगदी तुमचे. मग त्यानं अंत्यविधीवाल्यांना फोन लावला. तिकडनं विचारलं, कापड कसलं आहे, प्लॅस्टिकचा धागा असला तर पेटीत चालत नाही, नियम आहे. ताई, तुमच्या देशात मेल्यावरही नियम आहे. मी म्हटलं, सांग त्यांना, अंग सुती, पदर अस्सल रेशीम, पारखून घेतलंय. त्यांनी होकार दिला.

महेश म्हणाला, "आबा, फार विटलंय हो. फ्रँकफर्टला दुकानं आहेत, गाडी काढतो, नवं आणू." मी नको म्हटलं. खिडकीच्या चौकटीएवढा भाग फिका झालाय, कडेला मूळचा हिरवा तसाच आहे. तुमच्या सगळ्या सकाळी त्यात दिसतात. नवं घेऊन काय करू?

अश्विनीनं ते धुतलं, इस्त्री केली. मी ब्लेड घेऊन बसलो, वरची पट्टी उसवायला. लुगड्याला पट्टी कसली? कड्या निघाल्या, लोखंडाच्या, त्या काढायलाच हव्या होत्या. मग टाक्यांवर आलो. हातानं घातलेले टाके, बारीक, सरळ, एकसारखे. रेवा शेजारी उभी होती. तिनं टाक्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, हे आत्याओमानं केलंय. जर्मनमधे म्हणाली. मला दुभाषी लागला नाही.

ब्लेड ठेवून दिलं.

शुक्रवारी अश्विनी तुमच्या अंगावर ते घालेल, पदर खांद्यावरनं. लुगडं अंगावर असतं, मी म्हणत होतो ना? पण पट्टी तशीच राहू देतोय ताई. टाके तुमचे आहेत.